येलच्या वर्गात बसून ऐकलेली अमेरिकेतील यादवी

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती अमेरिकेतील गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. ही गोष्ट आपल्याकडे अनेकांना ठाऊक असते, पण त्या सुटकेसाठी किती रक्त सांडले आणि सुटका झालेल्या सुमारे चाळीस लाख माणसांचे पुढे काय झाले, याविषयीचे माझे ज्ञान तरी लिंकनच्या चरित्रापलीकडे गेलेले नव्हते. ती उणीव भरून काढण्यासाठी येल विद्यापीठातील इतिहासाचे प्राध्यापक डेव्हिड ब्लाइट यांची अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण राज्यांतील यादवी युद्ध (१८६१-६५) आणि त्यानंतरचा, दक्षिणेची घडी नव्याने बसवण्याचा ‘पुनर्रचने’चा काळ यांवरील व्याख्यानमाला मी आठवड्याला दोन व्याख्याने, म्हणजे मूळ वर्गाच्याच गतीने, संपूर्ण ऐकली. तिचे हे परीक्षण आहे.

विद्यापीठाचे निवडक वर्ग जसेच्या तसे चित्रित करून सर्वांना मोफत द्यावेत, या हेतूने येलने डिसेंबर २००७ मध्ये ‘ओपन येल कोर्सेस’ हा उपक्रम सुरू केला. त्यातील ही मालिका २००८ च्या वसंत सत्रात चित्रित झाली. एकूण २७ व्याख्याने आहेत आणि प्रत्येक साधारण पन्नास मिनिटांचे आहे. शुल्क नाही, नावनोंदणी नाही आणि अर्थातच प्रमाणपत्रही नाही. चित्रफीत, केवळ ध्वनिफीत आणि शब्दशः लिहून काढलेली संहिता अशा तिन्ही रूपांत प्रत्येक व्याख्यान मिळते. ब्लाइट यांचा उच्चार स्पष्ट असला तरी ते बोलण्याच्या ओघात उपवाक्यांत उपवाक्ये गुंफत जातात, त्यामुळे माझ्यासारख्या मराठी माध्यमात शिकलेल्या श्रोत्याने आधी संहिता वाचावी आणि मग ऐकावे, हे उत्तम.

ब्लाइट हे गुलामगिरीतून पळून आलेले थोर वक्ते फ्रेडरिक डग्लस यांचे चरित्रकार आहेत आणि त्या चरित्राला २०१९ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. मला मात्र त्यांच्या कारकिर्दीतील अधिक महत्त्वाची वाटते ती सुरुवातीची काही वर्षे, जेव्हा ते मिशिगनमधील फ्लिंट या कारखान्यांच्या गावी माध्यमिक शाळेत शिकवत होते. समोरच्याला काही ठाऊक नसले तरी त्याला कमी न लेखता शिकवायची सवय बहुधा तिथलीच असावी.

सुरुवातीच्या व्याख्यानांत दक्षिणेच्या अर्थकारणाची जी मांडणी आहे, ती एकट्यानेच मालिकेचे मोल सिद्ध करते. १८६० साली गुलाम माणसांची मालमत्ता म्हणून होणारी किंमत सुमारे साडेतीन अब्ज डॉलर होती आणि देशातील सर्व कारखाने व सर्व लोहमार्ग यांत गुंतलेल्या भांडवलाच्या बेरजेपेक्षाही ती अधिक होती, हे कळल्यावर दक्षिणेतील राज्ये संघराज्यातून का फुटली, या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येते. उरलेले निम्मे त्या राज्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे: मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी एकरूप असल्याचे उघड म्हटले आहे. युद्ध केवळ राज्यांच्या हक्कांसाठी झाले, हा पराभवानंतर रुजवलेला समज त्यापुढे टिकत नाही.

संशोधन लोकांपर्यंत न्यायचे म्हणजे काय करायचे, याचा नमुना पाहायचा असेल तर युद्धाच्या अखेरीवरील व्याख्यानाचा शेवट ऐकावा. दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे जमीनदारांच्या शर्यतीच्या मैदानावर उत्तरेकडील युद्धकैद्यांना उघड्यावर ठेवले होते. त्यांपैकी निदान २५७ जण दगावले आणि पंचांच्या सज्जामागे त्यांना घाईघाईने पुरण्यात आले. शहर उत्तरेच्या सैन्याच्या हाती पडल्यावर नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय लोकांनी ती प्रेते रीतसर पुरली, भोवती कुंपण घातले आणि १ मे १८६५ रोजी सुमारे दहा हजारांच्या मिरवणुकीने तिथे फुले वाहिली. पुढे राष्ट्रीय सुटी झालेल्या स्मृतिदिनाचा हा अगदी आरंभीचा सोहळा होता, पण शहराच्या अधिकृत आठवणीतून तो पुसला गेला. ब्लाइट यांना १९९० च्या दशकात हार्वर्डमध्ये माजी सैनिकांच्या कागदपत्रांची एक पेटी चाळताना त्याचा धागा सापडला. आज त्या जागेवर उद्यान आहे आणि त्याला नाव आहे वेड हॅम्प्टन या दक्षिणेच्याच सेनापतीचे.

युद्ध संपल्यानंतरच्या काळाला ब्लाइट यांनी शेवटची आठ व्याख्याने दिली आहेत आणि माझ्या मते मालिकेचा गाभा तिथेच आहे. १८६५ ते १८७० या काळात तीन घटनादुरुस्त्यांनी गुलामगिरी संपली, नागरिकत्व मिळाले आणि पुरुषांना मताधिकारही मिळाला, पण जमीन मिळाली नाही. त्यामुळे मुक्त झालेले शेतकरी जुन्या मालकाचेच रान बटईने कसू लागले आणि पिकावर उचल घेता घेता व्यापाऱ्याच्या वहीत अडकले. पुणे-नगरकडच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस अडल्यावर आपल्या कापसाला मागणी येऊन मुंबईत पैशाचा पूर आला, युद्ध संपताच १८६५ मध्ये तो ओसरला, कापसाचे भाव पडले, आणि पुढे १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुप्यापासून सावकारांविरुद्ध जो उठाव झाला त्याच्या कारणांत ही मंदीही होती. मुंबईचा हा भाग व्याख्यानमालेचा विषय नाही, तो आपण आपल्या मनाशी जोडून घ्यायचा. फुल्यांची अर्पणपत्रिका छापली गेली त्याच १८७३ च्या एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे कचेरीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांची कत्तल झाली आणि चारच वर्षांनी पुनर्रचनेचा प्रयोग गुंडाळला गेला, हेही ऐकताना आठवत राहते.

दोष सांगायचे तर पहिला वयाचा आहे. युद्धातील मृतांचा ६,२०,००० हा आकडा २००८ मध्ये सर्वमान्य होता. २०११ मध्ये जे. डेव्हिड हॅकर यांनी जनगणनेच्या आधारे तो साडेसात लाखांच्या आसपास असावा असे दाखवले, तेव्हा श्रोत्याने ही दुरुस्ती स्वतःच करून घ्यावी. दुसरे म्हणजे वर्ग अमेरिकन मुलांचा असल्याने कॅन्सस कुठे आणि केंटकी कुठे हे गृहीत धरलेले आहे. शेजारी नकाशा नसेल तर १८५० च्या दशकातील राजकारण डोक्यावरून जाते. नेमलेल्या पुस्तकांची यादी मिळते, पण पुस्तके आपली आपण विकत घ्यावी लागतात, आणि ती आपल्याकडे स्वस्त पडत नाहीत. पहिल्या व्याख्यानाचा काही भाग वर्गाच्या व्यवस्थेविषयी आहे, तो खुशाल ओलांडावा.

लढायांचे डावपेच ऐकण्याच्या आशेने येणाऱ्याची निराशा होईल, कारण गेटिसबर्गच्या प्रसिद्ध लढाईलाही इथे बेताचाच वेळ मिळतो. ज्यांना सत्तावीस तास… खरे तर तेवीसच्या आतबाहेर तास काढणे शक्य नाही, त्यांनी दक्षिणेच्या समाजावरील दुसरे व तिसरे, युद्धाच्या कारणांवरील अकरावे आणि मग विसाव्यापासून पुढची सर्व, अशी निवड करावी. मधल्या लढाया नंतर केव्हाही ऐकता येतात.