आसनांना न्याय, श्वासाला घाई: एका हठयोग शिक्षक-प्रशिक्षणाविषयी

वीस आठवडे, दर शनिवारी आणि रविवारी, सकाळी सहा ते अकरा असा २०० तासांचा हठयोग शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. त्याआधी दहा-बारा वर्षे मी स्वतः नियमित आसने करत होते आणि आता आपल्याला शिकवताही येईल, अशी माझी समजूत होती. ती पहिल्या तीन आठवड्यांतच गळून पडली आणि त्याबद्दल मी या संस्थेची ऋणी आहे. मात्र आसनांच्या बाबतीत ज्या अभ्यासक्रमाने इतका संयम शिकवला, त्यानेच प्राणायामाच्या आणि भावनिक स्वास्थ्याच्या तासांना तो गुंडाळून ठेवला. तक्रार गंभीर असल्यामुळे संस्थेचे नाव देणे मी टाळले आहे. असा अभ्यासक्रम निवडताना काय पाहावे, हे वाचकाला कळले तरी पुरे.

तासांच्या विभागणीवरूनच संस्थेचा कल लक्षात येतो. आसनांना ९०, प्रत्यक्ष पाठ घेण्याला ३५, शरीररचनेला २५, ग्रंथवाचनाला २०, प्राणायामाला २० आणि शुद्धिक्रिया व भावनिक स्वास्थ्य यांना मिळून अवघे १०. हठप्रदीपिका वाचलेल्या कोणालाही हे प्रमाण उलटे वाटेल. पंधराव्या शतकातल्या या ग्रंथात स्वात्मारामांनी पहिल्या उपदेशात (म्हणजे प्रकरणात) केवळ १५ आसने सांगितली, त्यांतलीही बरीच बैठी; षट्कर्मे (सहा शुद्धिक्रिया) आणि कुंभक (श्वास रोखून धरण्याचे प्राणायाम) यांसाठी मात्र पुढचा संपूर्ण उपदेश राखून ठेवला. आज वर्गात हमखास घेतली जाणारी त्रिकोणासन आणि सूर्यनमस्कार ही त्यात नाहीतच. (सूर्यनमस्कारांचा आजचा प्रसार विसाव्या शतकातला असून त्याचे मोठे श्रेय औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्याकडे जाते, असे ग्रंथवाचनाच्या तासाला सांगण्यात आले, तेव्हा निम्मा वर्ग नाराज झाला.) तरीही आसनांना दिलेले ९० तास वाया गेले असे मी म्हणणार नाही, कारण ते ज्या पद्धतीने वापरले गेले ती पद्धत मी अन्यत्र पाहिलेली नाही.

पहिले तीन आठवडे आम्हा अठरा जणांपैकी कोणालाही शिकवण्यासाठी तोंड उघडण्याची परवानगी नव्हती. जोड्या लावल्या होत्या. एकाने मकरासनात पालथे पडायचे आणि दुसऱ्याने शेजारी बसून त्याचा श्वास फक्त पाहायचा: पोट जमिनीवर टेकलेले असताना कंबर वर उचलली जाते की नाही, उच्छ्वास संपल्यावर पुढच्या श्वासापूर्वी किती थांबा येतो, खांदे कानांकडे सरकतात का. पहिल्या दिवशी मला काहीही दिसले नाही. तिसऱ्या आठवड्यात, माझ्या जोडीदाराचा श्वास उजव्या बाजूला अधिक भरतो, हे मी न विचारता ओळखले. आसनांच्या विभागप्रमुख असलेल्या ज्येष्ठ शिक्षिकांचे म्हणणे असे, की ज्याला दुसऱ्याचा श्वास दिसत नाही त्याने दुसऱ्याच्या शरीराला वळण लावू नये. त्या कोणाचेही कौतुक करत नसत, आणि चूक दाखवतानाही फक्त एक प्रश्न विचारून बाजूला होत.

त्यांच्या शिकवण्याचे एक उदाहरण देण्याजोगे आहे. भुजंगासनात मी वर्षानुवर्षे तळहातांनी जमीन रेटून छाती उंच उचलत असे आणि ती उंची हीच प्रगती समजत असे. त्यांनी मला त्याच स्थितीत तळहात जमिनीपासून बोटभर उचलायला सांगितले, आणि क्षणात माझी उंची निम्म्याहून कमी झाली. "आता उरले तेवढे तुमच्या पाठीचे. बाकीचे हातांचे होते," एवढेच त्या म्हणाल्या. पश्चिमोत्तानासनाचीही अशीच उलटतपासणी झाली. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतील तर ते ओटीपोटाच्या हाडाला मागे खेचून धरतात, त्यामुळे माणूस खुब्याच्या सांध्यातून वाकण्याऐवजी पाठीचा कुबड काढून पुढे जातो आणि सगळा भार मणक्यांमधल्या चकत्यांवर येतो. अशा वेळी कपाळ गुडघ्याला लावण्याचा आग्रह धरणे म्हणजे इजेला आमंत्रण. त्यावर त्यांनी दिलेला उपाय साधा होता: बैठकीखाली घडी घातलेली चादर, गुडघे किंचित दुमडलेले आणि कपाळाचा विचारही नाही. पतंजलींनी आसनाला स्थिर आणि सुखद म्हटले आहे, हे सर्वांना पाठ असते. पण त्यापुढच्याच सूत्रात प्रयत्न शिथिल करण्याची गोष्ट आहे, तिचा अर्थ मला त्या चादरीवर बसल्यावर लागला.

शरीररचनेचे वर्ग एका फिजिओथेरपिस्टने घेतले आणि ते अत्यंत नेटके होते. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्यांना शीर्षासन-सर्वांगासन का द्यायचे नाही, हर्नियात पोटावरचा दाब वाढवणारी आसने का टाळायची, गरोदरपणात कपालभाती का वर्ज्य, हे सर्व कारणांसह सांगितले गेले. नव्या साधकाने भरायच्या माहितीपत्रकाचा नमुनाही तयार करून घेतला. जलनेतीचे प्रात्यक्षिक झाले. पाणी कोमट आणि खारट असावे एवढे सगळेच सांगतात, पण नंतर पुढे वाकून नाकातले उरलेले पाणी हलक्या उच्छ्वासांनी पूर्ण काढून टाकण्यावर येथे जो भर दिला गेला तो योग्यच होता.

पाठ घेण्याचे ३५ तास हा अभ्यासक्रमाचा कणा. प्रत्येकाला दहा मिनिटांपासून सुरुवात करून शेवटी पूर्ण तासाचा पाठ घ्यावा लागे आणि त्याचे ध्वनिमुद्रण घरी ऐकावे लागे. स्वतःचा आवाज ऐकण्याइतकी शिक्षा दुसरी नाही. "शरीर सैल सोडा" हे वाक्य मी एका शवासनात अकरा वेळा आणि तेही शाळेतल्या कवायतीच्या सुरात उच्चारले होते. सूचना देताना आधी शरीराचा कोणता भाग, मग कोणती दिशा, मग श्वास, आणि त्यानंतर मौन, हा क्रम आम्हाला घोटून घ्यावा लागला. साधकाला हात लावण्यापूर्वी त्याची परवानगी विचारणे सक्तीचे होते, आणि नकार आल्यास चेहऱ्यावर नाराजी दिसता कामा नये हेही तपासले जाई. सर्वांत जिकिरीचा भाग म्हणजे एकाच वर्गात पंचविशीतला खेळाडू आणि पासष्टीचा गुडघेदुखीचा साधक यांना एकत्र शिकवणे. त्यासाठी प्रत्येक आसनाच्या तीन पायऱ्या आधीच ठरवून ठेवण्याची सवय लागली, ती मला आजही उपयोगी पडते.

आता तक्रारीकडे वळते. प्राणायामाचा विभाग दुसऱ्या शिक्षकांकडे होता आणि २० तासांत हठप्रदीपिकेतले आठही कुंभक 'पूर्ण करण्याचा' त्यांचा निर्धार होता. अकराव्या आठवड्यात अनुलोम-विलोम, बाराव्यात उज्जायी आणि तेराव्यात थेट भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा वेगाने आणि जोराने श्वास घेणे-सोडणे. ज्या ग्रंथाच्या आधारावर हे चालले होते, त्यातच सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश करावेत तसा प्राणही हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो, अशी ताकीद आहे. चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला आणि डोके, कान व डोळ्यांच्या वेदना होतात, असेही पुढे लगेच सांगितले आहे. भस्त्रिकेच्या दुसऱ्या आवर्तनात माझ्या शेजारच्या साधिकेला चक्कर आली आणि बोटांना मुंग्या येऊ लागल्या. तेव्हा शिक्षकांनी "नाड्या (प्राणाचे मार्ग) शुद्ध होत आहेत, चालू ठेवा" असे सांगितले. वास्तविक वेगाने आणि जोराने श्वास घेत राहिल्यास रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि चक्कर येते; मुंग्यांचे कारणही तेच. हे आम्हाला शरीररचनेच्या वर्गात दोनच आठवड्यांपूर्वी शिकवले होते. एकाच छताखाली एक शिक्षक जे शिकवतो ते दुसऱ्याला ठाऊक नसावे, हे मला अक्षम्य वाटते. त्या साधिकेने त्यानंतर प्राणायामाचे तास सोडले आणि तिला उपस्थितीच्या अटीवरून प्रमाणपत्र अडवण्याची सूचना आली, जी आम्ही सर्वांनी मिळून अर्ज केल्यावर मागे घेण्यात आली.

भावनिक स्वास्थ्याचा विभाग तर अधिकच वरवरचा निघाला. सांगण्यासारखे होते, ते एका तासात सांगून झाले: श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना कमी होते, म्हणून उच्छ्वास लांबवल्याने मन शांत होण्यास शरीराकडून आधार मिळतो. श्वास चंचल असेल तर चित्त चंचल, तो स्थिरावला की चित्तही स्थिरावते, या हठप्रदीपिकेतल्या विधानाला हा चांगला शारीरिक पाया आहे. उरलेला वेळ मात्र कोणत्या आसनाने कोणता विकार बरा होतो याच्या तक्त्यात गेला, आणि त्या तक्त्यात नैराश्यापुढे तीन आसनांची नावे लिहून विषय संपवला होता. नैराश्याने ग्रासलेला माणूस आपल्या वर्गात आला तर त्याची औषधे बंद करायला सांगण्याचा अधिकार योगशिक्षकाला नाही, आणि त्याला तज्ज्ञाकडे पाठवण्याची वेळ कशी ओळखावी, हे शिकवायला हवे होते. शवासनात डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिल्यावर काहींची अस्वस्थता कमी न होता वाढते. अशांना डोळे उघडे ठेवण्याची किंवा कुशीवर झोपण्याची मुभा द्यावी, हे मला त्या तासात नव्हे, तर आसनांच्या शिक्षिकांकडून कळले. एका सकाळी वर्गातील एक जण शवासनात हुंदके देऊ लागला. त्या त्याच्याजवळ जाऊन बसल्या, अंगावर चादर टाकली आणि वर्ग संपल्यावर सर्वांना नेहमीपेक्षा लवकर बाहेर जायला सांगितले. त्यांनी त्याला कारण विचारले नाही आणि आम्हालाही त्यावर चर्चा करू दिली नाही. भावनिक स्वास्थ्याविषयी या अभ्यासक्रमात मी जे खरोखर शिकले ते त्या पंधरा मिनिटांत.

छापील पुस्तिका निकृष्ट आहे. आकृत्या पुसट असून अर्धमत्स्येंद्रासनाची आकृती उजवी-डावी उलटी छापली आहे. सभागृह प्रशस्त, पट्टे, ठोकळे आणि खुर्च्या पुरेशा, वेळेचे पालन काटेकोर. लेखी परीक्षा पाठांतराची आणि त्यामुळे बिनमहत्त्वाची. प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र परीक्षकांनी अनोळखी साधक समोर बसवला आणि त्याच्याबद्दल काहीही न सांगता मला पवनमुक्तासन शिकवायला लावले. मी आधी त्याला कंबरदुखीबद्दल विचारले, तेव्हाच त्यांनी वहीत काहीतरी लिहिले.

ज्यांचा स्वतःचा सराव किमान दोन-तीन वर्षांचा आहे आणि ज्यांना आसने जबाबदारीने शिकवायची आहेत, त्यांना हा अभ्यासक्रम मी निःसंकोच सुचवेन. नवशिक्यांनी आणि मुख्यतः प्राणायामासाठी येऊ इच्छिणाऱ्यांनी तूर्त थांबावे. मनाच्या आजारातून बरे होण्यासाठी म्हणून तर येथे येऊच नये. ते या अभ्यासक्रमाचे काम नाही आणि तसा दावा करणारा तो तक्ता संस्थेने काढून टाकावा, असे मी त्यांना लेखी कळवले आहे.

सध्या मी सहा जणांचा एक वर्ग घेते. त्यात आसने आणि साधे श्वासनिरीक्षण एवढेच आहे. कुंभक मी दुसऱ्या एका शिक्षकांकडे नव्याने शिकत आहे, आणि चार महिने झाले तरी त्यांनी मला अजून अनुलोम-विलोमाच्या पुढे जाऊ दिलेले नाही.