बंद दगडखाण की विहिरीचा दगड?
जळगावच्या एका विद्यार्थ्याला झिओलाइट खनिजे (लाव्हाच्या दगडातील पोकळ्यांत वाढणारे स्फटिक) पाहायची आहेत. त्यासाठी सातपुड्याच्या पायथ्याची बंद दगडखाण गाठावी की नव्या विहिरीतून निघालेला दगड धुंडाळावा, असा त्याचा प्रश्न आहे. खर्च प्रवासापुरताच, परवानगी मात्र दोन्हीकडे हवी. खाणीच्या उभ्या कड्यात सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे बेसॉल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या दगडाचे थर, त्यांच्या माथ्याजवळच्या वायूच्या पोकळ्या आणि क्वचित दोन थरांमधला तांबडा पट्टा जागच्या जागी दिसतो. पण उघड्यावरचे स्फटिक निस्तेज झालेले असतात आणि सुटे दगड केव्हाही कोसळतात. विहिरीच्या ताज्या दगडात स्टिल्बाइट या झिओलाइटचे, मध्ये आवळलेल्या पेंढीसारखे जुडगे चमक राखून मिळतात (जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याचे नमुने तर परदेशी संग्रहांतही आहेत), मात्र ते किती खोलीवरचे, हे खोदणाऱ्यालाच विचारावे लागते. थरांच्या अभ्यासकाने खाण निवडावी, तीही हिवाळ्यात आणि कड्यापासून अंतर राखून. नमुने जमवणाऱ्याला विहीरच सोयीची.