महाभोपळा कोरायची हत्यारं विकत घेताना सावध राहा

अमेरिकेत भोपळ्यांवर चेहरे कोरायचा सण, हॅलोविन, जवळ आला की ‘जायंट पम्पकिन प्रोफेशनल कार्व्हिंग सेट’ अशा जाहिराती सुरू होतात. गेल्या वर्षी आमच्या न्यू जर्सीतल्या वस्तीने शेतावरून जवळजवळ तीनशे किलोंचा भोपळा आणला. तो कोरण्यासाठी मी असाच एक सेट 80 डॉलरना ऑनलाइन मागवला. त्यात उघडउघड फसवणूक झाली. इथल्या मराठी मंडळींपैकी बरेच जण हल्ली मुलांसाठी मोठे भोपळे आणतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

हे भोपळे आपल्या भाजीच्या लाल भोपळ्यासारखे नसतात. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या हॉवर्ड डिल यांनी निवड करत करत तयार केलेल्या ‘अटलांटिक जायंट’ वाणाचे ते वंशज. 2023 साली कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बे इथे 2,749 पौंडांचा (सुमारे 1,247 किलोंचा) भोपळा वजनकाट्यावर चढला होता. आमचा त्यापुढे लहानच, तरी त्याचा गर जागोजागी वीतभर जाड होता. एवढ्या जाडीत हत्यार लांब आणि ताठ लागतं.

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘नऊ इंची, हाय कार्बन स्टील’. हातात आलं तेव्हा नऊ इंचांतली निम्मी मूठच निघाली. पातं पत्र्यासारखं पातळ. सालीत घुसवून जरा जोर दिला की वाकायचं. माझ्या दिराने त्यावर कानस फिरवली, तर कानस सहज चावली. कडक केलेल्या पोलादावर ती घसरते. पातं वाकतं तेव्हा हात निसटतो, आणि दुसरा हात बहुतेक वेळा पुढेच असतो. माझा सगळ्यात जास्त संताप याचाच आहे: ही हत्यारं मुलांच्या हातात जातात.

पानावर शेकडो पंचतारांकित अभिप्राय होते. खाली खाली गेल्यावर जुने अभिप्राय मोबाइलच्या कव्हरचे निघाले! जुन्या वस्तूचं पान तसंच ठेवून त्यावर नवा माल चढवलेला.

पैसे परत मागितले तेव्हा विक्रेता फार गोड बोलला. आधी 15 टक्के परत घ्या आणि सेट ठेवा, मग 30 टक्के, मग परदेशातल्या गोदामात स्वखर्चाने पाठवा. प्रत्येक उत्तराला मुद्दाम उशीर, म्हणजे संकेतस्थळाची तक्रारीची मुदत उलटून जाते. अशा वेळी थोडे पैसे घेऊन ‘प्रकरण मिटलं’ असं लिहून देऊ नका. वाकलेल्या पात्याचे मोजपट्टीसकट फोटो काढा, जाहिरातीचं पान जपून ठेवा आणि थेट क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे जा. वर्णनाप्रमाणे न आलेल्या मालाबद्दल, तो खर्च ज्या बिलात पहिल्यांदा दिसला ते बिल पाठवल्यापासून 60 दिवसांत लेखी तक्रार करण्याचा हक्क इथल्या कायद्याने दिला आहे. डेबिट कार्डाला हे संरक्षण तसं मिळत नाही. मला बँकेकडूनच पैसे मिळाले. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेकडेही तक्रार नोंदवली.

भोपळा शेवटी साध्या हत्यारांनीच झाला. हार्डवेअरच्या दुकानातली ड्रायवॉल (इथल्या घरांच्या भिंतींना लावतात ते जिप्समचे तक्ते) कापायची टोकदार करवत घ्या. पातं ताठ असतं आणि मूठ पकडीत बसते. अगदी जाड भागासाठी लांब पात्याची, बॅटरीवर चालणारी रेसिप्रोकेटिंग सॉ (पातं मागेपुढे हलणारी यांत्रिक करवत) शेजाऱ्यांकडून मिळाली, ती फक्त मोठ्यांनी चालवायची. चेहऱ्याचा उठाव काढायला मूर्तिकार माती खरवडतात ती तारेच्या वळशाची कोरणी सगळ्यात उपयोगी. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात ती सुटी मिळते, हातात घेऊन बघता येते. वळसा दांड्यात पक्का बसलाय का ते अंगठ्याने दाबून बघा, तिथेच तो निखळतो.

आणि ऑनलाइनच घ्यायचं असेल तर विक्रेत्याला एकच प्रश्न लेखी विचारा: मूठ सोडून पात्याची लांबी आणि जाडी किती? मी दुसऱ्या दोघांना विचारलं होतं. एकाने आकडे दिले, दुसऱ्याने पुन्हा तोच फोटो पाठवला.