टनांची वाटणी की दिवसांची?

अनेक देशांच्या समुद्रात फिरणारी सामायिक मासळी त्या देशांत वाटण्याच्या दोन रीती आहेत. पहिली टनांची: वर्षाला एकूण किती मासळी काढायची ते ठरवायचं, मग हिस्से पाडायचे. उत्तरेकडच्या बॅरेंट्स समुद्रातला कॉड मासा नॉर्वे आणि रशिया असाच वाटतात; इतर देशांचा वाटा बाजूला काढून उरलेलं निम्मं-निम्मं. पण मासा हलला की टक्केवारी जुनी होते. ईशान्य अटलांटिकमधला मॅकरेल (बांगड्याच्याच कुळातला) आइसलँडकडे सरकला, तसा जो तो आपापला कोटा जाहीर करू लागला आणि बेरीज शास्त्रज्ञांनी सुचवलेल्या आकड्याच्या पुढे गेली. शिवाय कोटा भरत आला की बारीक मासा समुद्रातच फेकून देण्याचा मोह होतो.

दुसरी रीत दिवसांची. पॅसिफिकमधले नाउरू कराराचे 8 देश ट्यूना माशासाठी पर्ससीन (माशांच्या थव्याला जाळ्याने वेढणाऱ्या) बोटींना मासेमारीचे दिवस विकतात; 2015 पासून किमान दर दिवसाला 8,000 डॉलर. 80 मीटरपेक्षा लांब बोटीचा एक दिवस दीड धरतात, 50 पेक्षा आखूड बोटीचा अर्धा. उपग्रहावरून दिवस मोजणं सोपं, वजन तपासणं कटकटीचं. त्यामुळे तपासनीस कमी असतील तिथे हीच रीत बरी. मात्र बोटवाले खाली मासे जमावेत म्हणून सोनार (आवाजाने मासे हेरणारं यंत्र) बसवलेले तराफे सोडून त्याच दिवसात जास्त मासळी ओढतात, मग दिवसांवर कात्री लावावी लागते.