नाशिकचं संधिवात क्लिनिक: बायकोच्या ल्युपसचं निदान इथे झालं

पाचपैकी चार तारे देतोय. एक का कापला ते खाली लिहितो. ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते तो आजार. निफाड-दिंडोरीकडचं कोणी अशाच फेऱ्यात अडकलं असेल, तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितोय.

आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. बायकोचं वय २९, विरळणीला ती मजुरांच्या बरोबरीने उभी असते. गेल्या डिसेंबरात सकाळी तिची बोटं वळेनात. दुधाचं पातेलं उतरवायला सांडशीही धरता येईना. सहा-सहा तास कात्री चालवल्यावर हात दुखणारच, असं घरात सगळेच म्हणालो. मीसुद्धा. गावात चिकुनगुनियाचे पेशंट होते, त्यामुळे डॉक्टरांनी तोच धरून दुखण्याच्या गोळ्या दिल्या. एप्रिल छाटणीनंतर उन्हात काम झालं आणि दोन्ही गाल लाल झाले. वांग समजून मेडिकलमधून क्रीम आणलं. मग केस गळायला लागले, संध्याकाळी अंगात कणकण. एका दवाखान्यात आरए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला म्हणून ‘वात नाही, अशक्तपणा आहे’ सांगून सलाइन लावलं. दुसरीकडे एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आला, तर हिला हातही न लावता कागदावर ल्युपस लिहिलं आणि स्टेरॉइड लिहून दिलं. ते आम्ही सुरू केलं नाही, आधी नाशिक गाठलं.

इथल्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्टची फाइल बाजूला ठेवली आणि आधी हिला बोलतं केलं. ऊन लागलं की ताप येतो का? थंड पाण्यात बोटं पांढरी-निळी पडतात का? खोल श्वास घेताना छातीत दुखतं का? गर्भपात झालाय का? तोंड येतं का? ही म्हणाली, नाही. तरी त्यांनी टॉर्च लावून टाळू पाहिली, तर तिथे व्रण होता. दुखत नव्हता म्हणून हिला पत्ताच नव्हता. मग हिला खिडकीपाशी नेऊन मला जवळ बोलावलं. नाकाच्या बाजूने ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी असते ना, ती दाखवली. गाल लाल, नाकाचा उंचवटा लाल, आणि ती घडी मात्र स्वच्छ. ‘ल्युपसची लाली बहुतेकदा ही घडी सोडते,’ म्हणाल्या. चार महिने मी तो चेहरा रोज बघत होतो, पण ही घडी मला कधी दिसली नव्हती.

शेवटी त्यांनी हिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलल्यावर तिथे खळगा तसाच राहिला, म्हणजे पायाला सूज होती. त्यांनी विचारलं, ‘ताई, लघवीला फेस येतो का?’ ही गप्प झाली. येत होता, पण असलं कोणाला सांगायचं म्हणून बोलली नव्हती.

एएनएबद्दल त्यांनी जे सांगितलं ते मला लगेच पटलं. निरोगी माणसातही तो कमी प्रमाणात पॉझिटिव्ह येऊ शकतो, त्यामुळे नुसत्या त्या कागदावर ल्युपस ठरत नाही. आम्ही तरी पानाच्या देठ परीक्षणाच्या (त्यात अन्नद्रव्यं मोजतात) एका आकड्यावर खत कुठे ठरवतो? पान बघतो, माती बघतो, पाणी बघतो. २०१९ साली तज्ज्ञांनी ठरवलेल्या निकषांत एएनए किमान १:८० (रक्त ८० पट पातळ केल्यावरही पॉझिटिव्ह) असला तरच पुढचे गुण मोजायचे आणि १० गुण व्हायला हवेत, असं आहे. तेही मुळात संशोधनासाठी, पेशंटचं निदान डॉक्टरनेच सगळं जुळवून करायचं असतं.

हिचा एएनए १:६४० आला. डीएसडीएनए (ल्युपसकडे बोट दाखवणारी प्रतिपिंडं) वाढलेला, सी३ आणि सी४ (आजार चाळवल्यावर खर्च होणारी रक्तातली प्रथिनं) दोन्ही कमी, पांढऱ्या पेशीही कमी, ३,२००. अंगातली सूज दाखवणाऱ्या दोन तपासण्यांपैकी ईएसआर ८२, म्हणजे वाढलेला, आणि सीआरपी मात्र नॉर्मल. हे दोन आकडे असे फटकून असणं ल्युपसमध्ये पुष्कळदा दिसतं, हेही तिथेच कळलं. पण खरी गोष्ट लघवीत सापडली. क्रिएटिनिनच्या तुलनेत प्रथिनांचं प्रमाण ०.२ च्या आत हवं, ते १.८ होतं. आधीच्या तीन ठिकाणी लघवीची ही साधी तपासणी कोणी सांगितली नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं. किडनीची बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) झाली, ल्युपसने होणाऱ्या किडनीच्या आजाराचा चौथा वर्ग, म्हणजे गंभीर प्रकार निघाला. दुखण्याच्या गोळ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बंद केल्या होत्या, किडनीला त्रास नको म्हणून.

माझी आई बाहेर बसून रडत होती. तिला मुद्दाम आत बोलावलं. ‘आजी, कुंपणच शेत खातंय. जंतूंशी लढणारी शक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटलीय, आणि त्याचा गाळ किडनीच्या चाळणीत अडकतोय. हा आजार एकमेकांना लागत नाही, सुनेच्या हातचं खा.’ आईने पदराने डोळे पुसून विचारलं, ‘पूर्ण बरा होईल का?’ त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, मुळासकट जात नाही, पण औषधांनी शांत ठेवता येतो, आणि पुष्कळ बायका संसार, नोकरी सगळं करतात. दहा पेशंटमध्ये साधारण नऊ बायका असतात. बाहेरच्या बाकांवर तसंच दिसत होतं.

स्टेरॉइड आता हळूहळू उतरवत आणलंय. मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू आहे, ते असेपर्यंत दिवस जाऊ द्यायचे नाहीत हे दोघांना समोर बसवून सांगितलं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा (ल्युपसमधलं नेहमीचं औषध) डोस वजनावर काढला: किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत, हिचं वजन ४७, म्हणून रोज २००. या औषधाने डोळ्यांच्या पडद्याला त्रास होऊ शकतो, म्हणून डोळे तपासून घ्यायला पाठवलं. ऊन टाळायचं, सनस्क्रीन घरातही. ही आता बागेत सातच्या आत जाऊन येते. परवा लघवीतल्या प्रथिनांचं प्रमाण ०.४ आलं.

आता कापलेला तारा. अकराची वेळ दिली आणि नंबर लागला पावणेदोनला. प्रत्येक पेशंटला वेळ देतात म्हणून उशीर होतो, तो मी समजू शकतो. पण बाहेरच्या बाकांवर काचेतून थेट ऊन येतं आणि पडदा नाही. उन्हाने आजार चाळवणाऱ्या बायका तिथे स्कार्फ ओढून बसतात. पडदा लावाच. फोनही तीनदा केल्यावर एकदा उचलतात.

पहिल्यांदा जाताना सगळे जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा न्या. चेहऱ्यावरची लाली येते-जाते, तेव्हा दिसेल त्या दिवशी उजेडात फोटो काढून ठेवा. माझ्याकडे एप्रिलमधला पुतण्याच्या वाढदिवसाचा एक होता, मॅडमनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला.