‘ठाणे’ची लांबी किती? डेटा कन्व्हर्ट करायला भाषा निवडताना

वाशीतल्या एका सोसायटीची सभासद-यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायची होती. खोली क्रमांक ‘३/२’ असे. मधेच कुणीतरी ती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकूर-फाइल) एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली आणि ३/२ चा ३ फेब्रुवारी झाला. ही अडचण मोठमोठ्यांनाही आली आहे. ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशा नावांच्या मानवी जनुकांना एक्सेल तारखा समजत असे, म्हणून ती नावं बदलली गेली आणि २०२० मध्ये नामकरणाचे नवे नियम जाहीर झाले.

तेव्हापासून अशा कामाला कोणतीही प्रोग्रामिंग भाषा निवडताना मी आधी हे पाहतो, की न विचारता ती माझ्या डेटाबद्दल काय गृहीत धरते. वेग, लोकप्रियता नंतर.

पायथनचंच घ्या. बहुतेक जण थेट पांडास ही तिची तक्ते हाताळणारी लायब्ररी वापरतात, पण पांडासही अंदाज बांधतं. सदस्य क्रमांक ‘००४७’ असेल तर त्याचा ४७ होतो. मोबाइलच्या रकान्यात एक जागा रिकामी असली, की बाकीच्या सगळ्या क्रमांकांमागे ‘.०’ लागतो. वाचतानाच सगळे रकाने मजकूर म्हणून घ्यायला सांगितलं की हे टळतं. नुसता साचा बदलायचा असेल, बेरजा-सरासरी काही नको असेल, तर पायथनसोबत येणारं साधं सीएसव्ही मोड्यूल मला जास्त विश्वासाचं वाटतं. ते मुळात सगळं मजकूर म्हणूनच वाचतं.

खरा कस मराठी मजकुरात लागतो. प्रत्येक भाषेला ‘ठाणे’ या शब्दाची लांबी विचारून बघा. वाचणाऱ्याला दोन अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ते चार घटक आहेत: ठ, काना, ण, मात्रा. युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात, म्हणजे १२. पायथन ३, जावा आणि जावास्क्रिप्ट ४ सांगतात. गो ही भाषा १२ सांगते, कारण तिथली साधी लांबी बाइटमध्ये मोजली जाते. पर्ल या भाषेला मजकूर यूटीएफ-८ आहे हे बजावून सांगितलं तर ४, नाहीतर १२. ऑक या रकाने उचलणाऱ्या छोट्या भाषेचं उत्तर कोणता ऑक आणि मशीनचं लोकेल (भाषा-प्रदेशाचं सेटिंग) काय यावर ठरतं. नाव पहिल्या २० अक्षरांवर कापायचा नियम असेल, तर बाइट मोजणारी भाषा अक्षराच्या मधोमध कापते आणि चौकोन उरतात.

नौपाड्यातल्या एका वाचनालयाची पुस्तकयादी जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणताना पर्ल की पायथन, हा विचार मी बरेच दिवस केला. अशा फॉन्टमध्ये मजकूर जसा दिसतो तसा साठवलेला असतो. ‘स्थिती’तली ऱ्हस्व वेलांटी अर्ध्या स च्याही आधी येते, युनिकोडमध्ये ती थ च्या नंतर हवी, म्हणजे अख्खं जोडाक्षर ओलांडून न्यायची. रफाराचं उलट. ‘मर्जी’तला रफार ‘जी’नंतर टाइप केलेला असतो आणि युनिकोडमध्ये ‘र्’ ज च्या आधी जातो. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य आणखी वेगळा, त्याला रफाराचा नियम लावला की शब्द बिघडतो. नुसतं शोधा-आणि-बदला इथे चालत नाही, आणि नियमांचा क्रम चुकला तर आधीचं बरोबर झालेलंही मोडतं. पर्ल १९८७ पासून मजकुराच्या कामासाठीच घडत आलेली भाषा. हे नियम तिच्यात निम्म्या ओळींत बसतात. तरीही मी पायथन घेतलं. माझ्यानंतर ती स्क्रिप्ट वाचणारा माणूस ठाण्यात पायथनचा सहज मिळेल, पर्लचा शोधावा लागेल.

तुर्भ्याच्या एका व्यापाऱ्याच्या टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधल्या नोंदींनी मात्र पर्लची आठवण करून दिली. टॅलीतून निघणाऱ्या एक्सएमएलमध्ये (खुणांच्या जोड्यांत माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये) काही ठिकाणी ४ क्रमांकाचं नियंत्रण-चिन्ह, म्हणजे अक्षर नसलेला कोड, येतं. एक्सएमएल १.० ला ते चालत नाही, त्यामुळे पायथनचा काय नि जावाचा काय, नियम पाळणारा पार्सर, म्हणजे फाइल उलगडणारा भाग, ती फाइल वाचायलाच नकार देतो. मला हा नकार आवडतो. गुपचूप चुकीचा अंदाज बांधण्यापेक्षा थांबलेलं बरं. एक ओळीचं पर्ल किंवा सेड ही शोधा-बदला करणारी कमांड ते चिन्ह काढून टाकतं. फाइल यूटीएफ-१६ या दुसऱ्या साठवणुकीत असेल तर त्याआधी ती आयकॉन्व्ह या कमांडने यूटीएफ-८ करून घ्या, नाहीतर सेडला ते चिन्ह सापडणारच नाही.

पुढचं काम एसक्यूएलचं, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेचं. स्वच्छ झालेल्या नोंदी एसक्यूलाइट या एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसमध्ये भरायच्या आणि जुन्या-नव्या याद्या ताडून बघायच्या: एकूण नोंदी, नावे-जमेच्या बेरजा, कुठल्या पावत्या एकीकडेच आहेत. पायथनमध्ये यासाठी पानभर कोड लागतो, इथे तीन-चार प्रश्नांत भागतं. पण एसक्यूलाइटही पूर्ण निरागस नाही. रकाना पूर्णांकाचा ठेवला तर ‘००४७’ चा पुन्हा ४७. क्रमांक म्हणवणारं पण ज्याची बेरीज कधी होत नाही ते सगळं, पिनकोडसुद्धा, मजकुराच्या रकान्यात ठेवा.

ओळीमागून ओळ अशी सरळ फाइल असेल आणि त्यातले तीन रकाने उचलायचे असतील, तर १९७७ चा ऑक आजही पुरतो. जावा किंवा गो रोज रात्री मोठ्या फाइल येणार असतील तरच. एकदाच करायच्या कामाला मी त्या घेत नाही.

वाचनालयाच्या स्क्रिप्टमध्ये अक्षरांच्या जोड्या मी कोडात लिहिल्या नाहीत, वेगळ्या मजकूर-फाइलमध्ये ठेवल्या: डावीकडे फॉन्टमधलं चिन्ह, उजवीकडे युनिकोड, सर्वांत लांब जोड्या आधी. ग्रंथपाल बाईंना प्रोग्रामिंग येत नाही. शीर्षकं तपासताना ‘ऱ्य’च्या सुटलेल्या जोड्या त्यांनी स्वतः नोटपॅडमध्ये वाढवल्या आणि यादी पुन्हा चालवून घेतली.