दगडी बंधारा की केवड्याची वई? समुद्राला लागून वाडी असणाऱ्यांसाठी

पावसाळा सरला की दापोली, गुहागर, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या कुठल्या ना कुठल्या ग्रामसभेत हा विषय निघतोच: समुद्राने वाडीचा आणखी एक घास घेतला, किनाऱ्याकडे कोणी बघत नाही, बंधारा कधी होणार? पुढे कधीतरी प्रस्ताव मार्गी लागतो आणि ज्यांच्या वाड्या पुळणीला, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूला, लागून आहेत त्यांच्यापुढे संमतीचा कागद येतो. आमच्यापुढे तो २०१७ च्या दिवाळीनंतर आला. हरणैच्या उत्तरेला असलेल्या आमच्या गावात आजोबांच्या एका वाडीच्या वाटण्या होऊन दोन वाड्या झालेल्या आहेत. उत्तरेकडची थोरल्या चुलतभावाची आणि दक्षिणेकडची माझी, मध्ये कमरेएवढा गडगा, म्हणजे दगडांची कुंपणभिंत. दादाने सही केली, मी केली नाही. त्यामुळे एकाच पुळणीवर, एकाच लाटेसमोर, गडग्याच्या एका बाजूला धूपप्रतिबंधक बंधारा आणि दुसऱ्या बाजूला मी लावलेली झाडे असा प्रकार आठ पावसाळे माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी अभियंता नाही, मोजमापे माझ्याकडे नाहीत. जे पाहिले तेवढेच येथे मांडतो.

बंधाऱ्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते आधी बोललेले बरे. श्रावणातल्या उधाणाला, भरती आणि वारा एका वेळी आले म्हणजे, रात्री जो आवाज येतो तो ज्याने वाडीतल्या घरात झोपून ऐकला आहे त्याला दादाचे म्हणणे पटेल. तो म्हणतो, "अरे, पुढे दगड आहे म्हणून झोप लागते." पहिल्या दोन पावसाळ्यांत त्याच्या वाडीत खारे पाणी शिरले नाही, माझ्या पहिल्या ओळीतल्या माडांच्या बुंध्यांपर्यंत आले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मात्र दोघांचेही माड आणि पोफळी सारख्याच आडव्या झाल्या, कारण त्या दिवशी नुकसान केले ते मुख्यतः वाऱ्याने, आणि वाऱ्यापुढे ना दगडाचा उपयोग होता ना दोन वर्षांच्या केवड्याचा. पुढच्या मे महिन्यातल्या तौक्ते चक्रीवादळाच्या लाटांनी माझी सातआठ हात रुंदीची वाळू नेली. बंधारा जागेवर राहिला. इतक्यावर हिशेब थांबवला असता तर मी सही न करण्यात चूक केली असेच म्हणावे लागले असते.

आणि काही ठिकाणी दगडाला पर्याय नाही, हेही मान्य केले पाहिजे. मालवणजवळच्या देवबागेत एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिथल्या माणसाला "झाडे लावा आणि पाच वर्षे थांबा" असे सांगणे ही थट्टा होईल. रत्नागिरीच्या मिऱ्यावरही तसेच. घराची मागची पडवी आणि भरतीची रेषा यांत वीसपंचवीस पावले उरली असतील, तर पुढचे वाचण्याची गरज नाही. बंधारा मागा आणि तो नीट बांधून घ्या.

ज्यांच्यापुढे अजून पुळण शिल्लक आहे त्यांनी मात्र दगड टाकल्यावर त्या पुळणीचे काय होते ते पाहावे. आपल्याकडची वाळू पावसाळ्यात आत समुद्रात जाते आणि दिवाळीपासून मेपर्यंत हळूहळू परत येते, हे कोळीवाड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. उतरत्या पुळणीवर लाट पसरते, दमते आणि वाळू टाकून मागे जाते. दगडावर ती आपटते आणि परतताना पायथ्याची वाळू खरवडून नेते. बंधाऱ्यापूर्वी गडग्यापासून भरतीच्या रेषेपर्यंत मी चाळीस पावले चालत असे. आज दादाच्या बाजूला भरतीच्या वेळी कोरडी वाळू उरत नाही, पाणी थेट दगडाला लागते, आणि पूर्वी जिथे होड्या वर ओढत तिथे आता होडी लावताच येत नाही. राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील किनारारेषेचा जो अभ्यास केला, त्यात देशाचा सुमारे ३४ टक्के किनारा धुपत असल्याचे आढळले, तसा सुमारे २७ टक्के किनारा वाढत असल्याचेही आढळले. म्हणजे वाळू इकडून तिकडे फिरते. दगड टाकून आपण ती थांबवत नाही, फक्त तिने आपल्या दारात उतरण्याची जागा काढून घेतो.

बंधारा जिथे संपतो तिथे समुद्र वळतो, हा भाग मला स्वतःला महागात पडला. दादाच्या हद्दीवर दगड संपले आणि पहिल्याच पावसाळ्यात गडग्यालगत माझ्या बाजूला खाच पडली. दोन जुने माड मुळांसकट गेले. पुद्दुचेरीत बंदराचे धक्के बांधल्यावर शहरासमोरची पुळण गेली, शहराला दगड टाकून वाचवावे लागले आणि धूप उत्तरेकडच्या मच्छीमार गावांकडे सरकली, हे मी नंतर वाचले. त्या मानाने आमचा प्रकार खेळण्यातला, पण जात तीच. "तू पण सही केली असतीस तर तुझे माड वाचले असते," असे दादा अजून म्हणतो, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणू शकत नाही. फक्त मग ती खाच माझ्या पलीकडच्या शेजाऱ्याकडे गेली असती.

तरीही, खरे सांगायचे तर, माझा कौल ठरला तो धुपीमुळे किंवा पुळणीमुळे नव्हे, कचऱ्यामुळे ठरला. कागदावरच्या कुठल्याही तुलनेत ही बाब येत नाही. समुद्र जे जे परत आणून टाकतो, म्हणजे नायलॉनच्या जाळ्यांचे गुंते, थर्माकोल, एकेकट्या चपला, औषधांच्या बाटल्या, ते आणि वर पर्यटकांनी दगडांवर बसून टाकलेल्या दारूच्या बाटल्या व गुटख्याच्या पुड्या, हे सारे बंधाऱ्याच्या दगडांमधल्या फटींत जाऊन बसते आणि तिथून निघत नाही. तिसऱ्या वर्षी गणपतीनंतर दादा आणि मी सकाळी कोयता आणि लोखंडी आकडी घेऊन उतरलो. हिरव्या जाळ्याचे एक टोक दिसत होते. ओढले तर हातभर आले आणि अडकले, दोन दगडांखालून ते तिसऱ्यात गेलेले, त्यात कुजलेला मासा आणि खेकडे. कापून काढावे तर कोयता फिरवायला जागा नाही, दगड हलवावा तर तो चौघांच्याही बापाला हलणार नाही. तीन तासांत दोघांनी मिळून दोन पोती भरली आणि जेमतेम एक खण साफ झाला. पुढच्या अमावास्येच्या भरतीने तो परत भरला.

माझ्या बाजूला तोच कचरा भरतीच्या रेषेवर एका ओळीत पडतो. दाताळे घेऊन एक माणूस सकाळच्या चहाआधी तो गोळा करतो.

फटींतला कचरा काढता येत नाही म्हणून कोणीतरी तो तिथेच पेटवते, मग काळा धूर दुपारभर वाडीत. दगडांत उंदीर झाले. हे उंदीर माडावर चढतात आणि कोवळ्या शहाळ्यांना भोके पाडतात. दादाच्या वाडीत बुंध्याशी पडलेले असे शहाळे मी दर आठवड्याला पाहतो. माझ्याकडेही उंदीर आहेत, नाहीत असे नाही, पण पुष्कळ कमी, आणि ते बंधाऱ्यामुळेच असे मी शपथेवर सांगणार नाही. बंधारा बांधणाऱ्या खात्याकडे आम्ही साफसफाईचे विचारले, तर उत्तर आले की त्यांचे काम बांधण्याचे. ग्रामपंचायतीला विचारले तर दगडांवर माणूस चढवण्याची जबाबदारी तिला नको होती. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असेल, कचरा मात्र जागचा हलला नाही.

आता झाडांविषयी. पुष्कळांना वाटते की सुरूची झाडे लावली म्हणजे झाले. निसर्गमध्ये उथळ मुळांवरची सुरूची झाडे शेजारपाजारच्या गावांत किती पडली ते सगळ्यांनी पाहिले आहे. मी सुरू मागच्या ओळीत, वाऱ्यापुरती ठेवली. पुढचे काम वाळू अडवण्याचे आहे आणि ते झाडाआधी कूड करतो: वाळलेली चुडते, म्हणजे माडाच्या झावळ्या, उभी रोवून गुडघ्याएवढे आडोसे घातले की डिसेंबर ते मे या काळात वाऱ्याने त्यांच्यामागे वाळू साठते. त्या ढिगावर मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा हे वाळूतले गवत. समुद्राची मर्यादा दाखवणारी ती मर्यादवेल, तिच्या जांभळ्या फुलांचा गालिचा जिथपर्यंत टिकला तिथपर्यंत आपली जमीन, असा आमचा सोपा ठोकताळा. तिच्यामागे केवड्याची दाट वई, म्हणजे कुंपण, जिच्या काट्यांमुळे मोकाट गुरे आत येत नाहीत, आणि तिच्यामागे उंडी व करंज. पहिली दोन वर्षे यातले निम्मे वाहून गेले, पुन्हा लावले. चौथ्या वर्षी वाळूचा टेप, म्हणजे उंचवटा, कमरेला लागला, आणि जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळाच्या लाटा आल्या तेव्हा पाणी त्या टेपापर्यंत चढून परत गेले.

याचीही कटकट आहे. नाताळच्या आधी पर्यटकांसाठी किनारा "स्वच्छ" करायला ट्रॅक्टर येतो आणि कचऱ्याबरोबर मर्यादवेलही खरवडून नेतो, कारण सपाट पांढरी वाळू म्हणजे स्वच्छता अशी समजूत आहे. एका वर्षी एका सकाळीत तीन वर्षांची वेल गेली. पुळणीवर गाड्या फिरवणारे वेगळेच. दगडाला ट्रॅक्टरची भीती नाही, हा मुद्दा दादाचा, आणि तो मला खोडता आलेला नाही. मी आता डिसेंबरात बांबू रोवून दोरी बांधतो आणि ट्रॅक्टरवाल्याला चहाला बोलावतो.

म्हणून तुमच्यापुढे कागद आला असेल तर आधी मेअखेरच्या भरतीला आपल्या गडग्यापासून पाण्यापर्यंत पावले मोजा. तीसेक पावलांच्या वर भरली, तर माझ्या मते निदान तीन पावसाळे झाडांना द्यावेत. लावण्याआधी ग्रामपंचायतीला विचारून घ्या, कारण पुळण आपल्या सातबाऱ्यात नसते. त्याहून कमी भरली तर सही करा, पण अंदाजपत्रक मागून वाचा. मोठ्या दगडांखाली गाळणीचा थर, म्हणजे बारीक दगड किंवा जिओटेक्स्टाइल कापड, आहे की नाही ते पाहा. तो नसला की फटींतून खालची वाळू निसटते आणि बंधारा बसतो. दादाचा आठ वर्षांत माथ्याशी हातभर बसला आहे. तारेच्या जाळीत भरलेले दगड कोणी सुचवले तर खाऱ्या हवेत ती तार किती टिकते हे कोणाही नाखव्याला विचारा. आणि कचरा कोण काढणार हे ठरावात लिहून घ्या, तोंडी नको.

यंदा मृगाच्या आधी दादा गडग्यावरून वाकून म्हणाला, "दहापंधरा फुटवे दे केवड्याचे, आणि थोडी वेलही दे." फुटवे त्याने बंधाऱ्याच्या आतल्या अंगाला, पहिल्या माडांच्या रांगेत लावले. मर्यादवेलीची जुडी दोन दिवस पोत्याखाली भिजवून ठेवली होती. ती त्याने परत आणून दिली, कारण दगडांपुढे तिला रुजायला कोरडी वाळू नव्हती.